पिंपातली माकूल

तुम्ही आजवर किती मज्जातंतू तळून खाल्लेत, याचा कधी विचार केलाय?

हसू नका. मी मुरुडजवळच्या एका कोळीवाड्यात वाढले. माझी आई, काकू, शेजारच्या सगळ्या बायका माकूल, म्हणजे हॉटेलवाल्यांचं स्क्विड, साफ करतात ती डोळे मिटून. डोकं ओढून काढायचं, आतली काचेसारखी पट्टी खेचायची, शाईची पिशवी न फोडता टाकून द्यायची, साल सोलायची आणि चकत्या करायच्या. त्या चकत्यांबरोबर कढईत जातो तो प्राणिजगातल्या सगळ्यात जाड मज्जातंतूंपैकी एक. शिवणाच्या दोऱ्याएवढा. चष्मा नसला तरी दिसतो. आपल्या अंगातले तंतू इतके बारीक की त्यांच्यात काय चाललंय हे मोजायला सुई कुठे टोचावी तेच कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी माकूल धरली. विचार, वेदना, बोट हलवणं, हे सगळं नसांमधून विजेसारखं कसं धावतं, हे माणसाला पहिल्यांदा नीट मोजता आलं ते माकुलीच्या तंतूत.

हे मला समजलं तेव्हा मी मुंबईत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय न्यूरोसायन्स. पडद्यावर माकुलीचं चित्र आलं आणि मी बाकावरून उभी राहिले.

"काही शंका आहे का?" मॅडमनी विचारलं.

"शंका नाही मॅडम. ही आमच्या घरी असते."

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी वीस वर्षं हे शिकवतेय. जिवंत तंतू मीसुद्धा कधी पाहिलेला नाही." हे ऐकून मला आधी आश्चर्य वाटलं आणि लगेच संताप आला. समुद्र आमचा, माकूल आमची, आणि तिच्या आत काय आहे ते आम्ही परदेशातल्या प्रयोगशाळेच्या धुरकट चित्रात बघायचं?

हा संताप माझ्या घरचा आहे. माझे बाबा होडीवर खलाशी आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढणारे. रात्री दिव्यांचा झगमगाट करून मासळी ओढून नेणाऱ्या मोठ्या बोटींविरुद्ध पत्रक, जेटीपुढच्या गाळाविरुद्ध पत्रक, जाळी वाळवायच्या जागेवर कुणी कुंपण घातलं की त्याविरुद्ध पत्रक. इतर मुलं अंकलिपीवर शिकली. मला पहिलं जोडाक्षर आलं ते 'संघर्ष' या शब्दातलं. शाळेतून आल्यावर माझं काम पत्रकांच्या घड्या घालायचं. बाबांचा एक नियम होता. "जे लिहिलंस ते जेटीवर चार लोकांना दाखवता आलं पाहिजे. न्हायतर ते पत्रक न्हाय, जाहिरात हाय."

आता आमच्या गावात न्यूरोसायन्स म्हणजे काय हे कुणाला सांगणार? मी पहिल्या वर्षाला गेले आणि गणपतीला घरी आले, तर ओटीवर रांग. "नसांचं शिकतंय ना? मग ही माझी मानंची नस बघ." एक आजी गुडघा घेऊन आल्या, एक मामा सुन्न झालेली करंगळी घेऊन आले. मी सांगत राहिले की मी डॉक्टर होणार नाही. "मग काय होणार?" मी सांगू लागले, मेंदूत पेशी असतात, त्या एकमेकींशी बोलतात. मामांनी करंगळी परत खिशात घातली. "मंजे तू ऐकत बसणार. आन पगार कोण देणार?"

मी हे हसून सोडून द्यायचे. माझी चुलत बहीण मात्र सोडत नव्हती.

काकाची ती एकुलती मुलगी, माझ्याहून लहान, मी दुसऱ्या वर्षाला असताना बारावी सायन्सला. पाच-सहा वर्षांची असताना ती काकूच्या मासळीच्या पाटीजवळ बसून ताज्या माकुलीला बोट लावायची. माकूल मेल्यावरही तिच्या कातडीवरचे तांबूस ठिपके बराच वेळ उघडझाप करतात. सगळी पोरं ती गंमत बघतात आणि खेळायला जातात. ही विचारायची, "मेल्यावर त्यांना कोण सांगतं?" काकू म्हणायची, "तुझा बापूस. जा आता." ती जायची नाही. मी सुट्टीत आले की माझी पुस्तकं घेऊन माळ्यावर बसायची. त्या वर्षी तिने घरात सांगून टाकलं: ताई शिकते तेच मला शिकायचंय.

काका होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान. शब्दाला पक्का, आवाजाला त्याहून पक्का. त्याने पोरीला फार्मसीला घालायचं ठरवलं होतं आणि त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं.

"गोळी दिसते. दुकान दिसतं. तुझा इषय कुठं दिसतो?" गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मोदक खाता खाता तो मला म्हणाला. "मला एकदा दाखव. डोळ्यांनी न्हायतर कानांनी. दाखवलंस तर मी स्वता पोरीला कॉलेजात सोडून येतो. न्हाय दाखवता आलं, तर तिच्या डोक्यात पुन्ना भरायचं न्हाय. कबूल?"

दोघे सख्खे भाऊ. एकाने पत्रकासाठी केलेला नियम दुसऱ्याने माझ्या विषयाला लावला. बहीण दारामागे उभी होती. मी म्हटलं, "कबूल."

मुंबईला परत आल्यावर मी मॅडमच्या मागे लागले. आमच्या कॉलेजातल्या आधीच्या विद्यार्थ्यांनी एक डबा बनवला होता. डब्याला चांदीच्या दोन बारीक तारा, आत बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर, बाहेर छोटा स्पीकर. तारांवर जिवंत तंतू ठेवायचा, दुसऱ्या टोकाला छोट्या बॅटरीचा हलका झटका द्यायचा. तंतूतून संदेश धावला की स्पीकरमधून 'टप्' असा आवाज यायला हवा. झुरळाच्या पायावर तो डबा चालत असे. माकुलीवर कुणी वापरून पाहिला नव्हता.

मी काकाला फोन केला. पैज त्याचीच, तरी त्याने मदतीला कसूर केली नाही. पहाटेची माकूल त्याने स्वतः निवडली, थर्माकोलच्या खोक्यात खाली बर्फ, वर बर्फ, मधे बर्फ. खोकं एसटीने आणि मग लाँचने माझ्यापर्यंत आलं. उघडलं तर अशी लखलखीत माकूल की कॉलेजच्या शिपाईकाकांनी विचारलं, "प्रयोग झाल्यावर काय करता हिचं?"

मी चिरून उघडली. काचेच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना, चित्रात होते तसेच, दोन छोटे पांढरे तारे, नसांच्या गाठी. प्रत्येक ताऱ्यातून निघालेले दोरे मांसात पसरलेले. धोका दिसला की माकूल सगळं अंग एका क्षणात आवळून पाणी मागे फेकते आणि बाणासारखी सुटते, ती या ताऱ्यांच्या हुकमाने. सगळ्यात मागे जाणारा दोरा सगळ्यात जाड. तोच तो! मी ओरडले. शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावून गेलं.

तंतू तारांवर ठेवला. झटका दिला. काही नाही. पुन्हा दिला. काही नाही.

दुसऱ्या खोक्यालाही तेच झालं, तिसऱ्यालाही. काका दर वेळी फोनवर विचारायचा, "बर्फ कमी पडला काय? अजून घालू?" आणि बर्फ वाढवायचा. आमच्याकडे ताजी मासळी म्हणजे बर्फातली मासळी. होडीवर मासळी आली की पहिला हात बर्फाला जातो, यात विचार करायचं काही आहे असं मलाही वाटलं नव्हतं. मीही म्हणायचे, "घाल काका, घाल."

एका दुपारी मॅडम खोक्याच्या तळाशी साचलेल्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "हे पाणी गोडं आहे ना?"

 बर्फ गोड्या पाण्याचा. तंतूतली सगळी वीज म्हणजे मिठाचा खेळ, मिठाचे कण आत-बाहेर धावतात तेव्हाच संदेश पुढे जातो. हे मी परीक्षेत पानभर लिहिलं होतं. आणि इकडे आम्ही दोघं, समुद्रावर जन्मलेली माणसं, समुद्रातल्या जिवाला गोड्या पाण्यात आणि थंडीत घालून मारत होतो. खायला ती उत्तम होती. ऐकायला मेलेली होती.

"जिथे समुद्र आहे तिथेच हे जमतं," मॅडम म्हणाल्या.

"मग डबा समुद्रावर नेऊ या!"

त्यांनी डबा दिला. "पाण्यात पडला तर तूही परत येऊ नकोस," एवढंच म्हणाल्या. मी लाँचने रेवसला उतरले, तिथून एसटी. मांडीवर डबा आणि छातीत असा ढोल की मला वाटलं कंडक्टरला ऐकू जाईल.

काकाला मी सांगितलं, "उद्या बर्फ नको, त्याच्या गोड्या पाण्याने नस मरते. पिंपात समुद्राचं पाणी भर आणि माकूल जिवंत आण."

काकाचा चेहरा पडला. नंतर लाल झाला.

"माझ्या होडीवर? माकूल पाण्यात? न्हाय."

का नाही, हे त्याने मला सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे काही लोक माकूल पाण्यात भिजत ठेवून फुगवतात आणि वजनाला विकतात. आमच्या बायका बोट लावून ओळखतात. 'पाण्यातली माकूल' ही आमच्याकडे खोटेपणाला दिलेली शिवी आहे. काकू ज्या जागी बसून मासळी विकते, तिथे तिची सासू बसायची, आणि गिऱ्हाईक डोळे झाकून घेतं ते याच भरवशावर. जेटीवर सगळ्यांसमोर तिच्या नवऱ्याच्या होडीतून माकुलीचं पिंप उतरलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्यात बोभाटा.

"दोन माकुली पिशवीत लपवून आण," मी म्हटलं.

"लपवून?" काकूच उसळली. "मंग तर लोक खरंच म्हणतील."

 बहीण हरल्यासारखी भिंतीला टेकून बसली होती. फार्मसीचा फॉर्म कपाटावर ठेवलेला सगळ्यांना माहीत होता. तेव्हा बाबा, जे इतका वेळ जाळं विणत कोपऱ्यात होते, म्हणाले, "लपवायचं कशाला? आधीच सांगा ना. पत्रक काढा."

त्या रात्री जेवायच्या आधीच मी लिहून काढलं. माझ्या आयुष्यातलं माझं पहिलं पत्रक:

'बंधूंनो आणि भगिनींनो! उद्या आमच्या होडीतून माकूल पाण्याच्या पिंपात उतरणार आहे. का? ती विकायला नाही. तिच्या नसेतून धावणारी वीज ऐकायला आहे. दुपारी लिलाव संपल्यावर जेटीवर या आणि स्वतःच्या कानांनी ऐका! आवाज आला नाही तर तोंडावर सांगा!!'

बाबांनी शेवटचं एक उद्गारचिन्ह खोडलं. काकाने दोनदा वाचलं. "आता गावासमोर आलं," तो म्हणाला. "आवाज न्हाय झाला तर माझंबी नाक जाईल आन पोरीचा इषयबी बंद. समजलं ना दोघींना?" आम्हा दोघींना समजलं होतं. आम्ही झेरॉक्स काढून आणल्या आणि दारोदार वाटल्या. लहानपणी शिकले होते तसं: हातात द्यायचं, डोळ्यांत बघायचं, पुढे जायचं.

दुसऱ्या दिवशी निळं पिंप होडीतून उतरलं तेव्हा जेटीवर लिलावापेक्षा जास्त माणसं होती.

"काय गो, माकुलीचं लगीन हाय काय?"

"न्हाय, सोनोग्राफी!"

"रिपोर्ट कवा मिळंल?"

उलट्या खोक्यावर मी डबा ठेवला. बहिणीने पिंपात हात घालून माकूल धरली. माकुलीने अंगावर शाई उडवली आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. मी एका झटक्यात डोकं वेगळं केलं, अंग चिरून उघडलं, समुद्राच्या पाण्याच्या ताटलीत ठेवलं. तारा दिसला. मी तो दाखवला तशा पुढच्या बायका वाकल्या. "अगो, हा तर आपण रोज फेकतो!" एक जण म्हणाली. "फेकत न्हाय, तळतो," दुसरी.

जाड तंतू सोडवून तारांवर ठेवला. स्पीकर चालू केला. त्यातून मोठ्ठी घरघर आली, बाकी काही नाही. झटका दिला, घरघरच.  मागून कुणी हसलं. बहिणीने मान वळवून जेटीच्या टोकाकडे बघितलं आणि काकाला ओरडून सांगितलं, "बाबा, बर्फाचं मशीन! त्याच्या विजेचा आवाज हाय ह्यो!" काकाने तोंडाला हात लावून अशी हाक मारली की बर्फ फोडणाऱ्याने मशीन बंद तर केलंच, वर दोन्ही हात वर केले.

घरघर थांबली. मी झटका दिला.

टप्.

मी पुन्हा दिला. टप्. जाड, गोल, छातीवर बोट मारल्यासारखा. टप्!  पडद्यावर पाहिलेलं, परीक्षेत लिहिलेलं, ते इथे आमच्या जेटीवर, मासळीच्या वासात, बोलत होतं!

 तेवढ्यात लिलाव घेणारा व्यापारी पुढे आला. माणूस वाईट नाही, पण त्याला कुणी काही गळ्यात मारलेलं आवडत नाही. "बेटा," तो म्हणाला, "बॅटरी लावली की माझा रेडिओपण टप् करतो. ये तो बॅटरी का आवाज है."

प्रश्न रास्त होता.  पानभर उत्तरं लिहिणारी मी, तोंड उघडं टाकून उभी. काकाने माझ्याकडे बघितलं. मग पोरीकडे.

बहीण लिलावाच्या खोक्याकडे गेली, आणि बर्फाचं वितळलेलं पाणी चहाच्या कपात घेऊन आली.

"शेट, तुमीच टाका," ती व्यापाऱ्याला म्हणाली. "दोऱ्यावर थेंब थेंब."

त्याने टाकलं. मी झटका दिला. टप्. त्याने अजून टाकलं. आता आवाज बारीक झाला. आम्ही थोडं थांबलो. पुन्हा झटका. स्पीकरमधून नुसतं एक सुकं 'टिक्' आलं, नख आपटल्यासारखं. पुन्हा टिक्.

"ह्यो टिक् तुमच्या बॅटरीचा," बहीण म्हणाली. "बॅटरी तीच हाय. तार तीच हाय. मंग गेलं काय?"

व्यापाऱ्याने कप खाली ठेवला. डोकं खाजवलं. "माकूल गेली," तो म्हणाला.

काय हशा पिकला! पण काका हसला नाही. त्याने बाह्या वर केल्या, पिंपातून दुसरी माकूल स्वतः काढली आणि माझ्यापुढे धरली. "ही लाव." लावली. मग माझ्या हातातून बॅटरीची वायर घेतली आणि स्वतः टेकवली. टप्. त्याने मान तिरकी केली. टप्. टप्. इतर लोकांना बघायचं होतं, पण तांडेल हलेना.

"सोड आता, काका."

"थांब गो."

टप्.

"आमच्या अंगातबी ह्येच?" त्याने विचारलं.

"हेच. तू आता हात पुढे केलास ना, तोही असाच."

त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग पोरीला विचारलं, "बर्फाचं पाणी टाकायचं तुला कुणी सांगितलं? ताईनं?"

"न्हाय. डोक्यात आलं."

काकाने वायर खाली ठेवली आणि व्यापाऱ्याला उद्देशून, पण सगळ्या जेटीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐकलंस? हिच्या डोक्यात आलं." आणि काकूला म्हणाला, "फार्मसीचा फॉर्म कपाटावरून काढ. आता त्यात सुकी मासळी गुंडाळ."

बहीण आज माझ्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. काका शब्दाप्रमाणे तिला स्वतः सोडायला आला आणि मॅडमना भेटून आधी विचारलं काय, तर "तुमच्याकडं मशीन बंद करायला कोण हाय?" निळं पिंप अजून होडीवर असतं. खलाशी त्याला कॉलेज म्हणतात. "कॉलेजात पाणी भरलं काय रे?" अशी सकाळी हाक असते. मॅडम यंदा वर्ग घेऊन आमच्या जेटीवर आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा जिवंत तंतूचा आवाज ऐकून त्यांनी चष्मा पुसला. काकूने सगळ्यांना माकूल खायला घातली. बर्फातली, अर्थात.

माझी मागणी एवढीच. पुढच्या वेळी माकूल साफ कराल तेव्हा चकत्या करायच्या आधी ती उभी चिरा आणि उजेडाकडे धरा. काचेसारख्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या दोऱ्यांचा एकेक तारा दिसेल. घरातल्या मुलीला हाक मारून तो दाखवा. आणि तिने पुढचा प्रश्न विचारला, तर कृपा करून "जा आता" म्हणू नका. गॅस बंद करा, आणि ती काय म्हणते ते ऐका.